दुखणं वाढलं, की गोळी उतरली?

नरडाण्याच्या एमआयडीसीत पोती उचलणारा हमाल घ्या, नाहीतर शिवारात कापूस वेचणारी मावशी. कंबर धरली की आधी मेडिकल. "मागच्या वेळची तीच गोळी द्या." बऱ्याचदा ती साधी पेनकिलर असते. पण कधी पॅरासिटामॉलसोबत तिच्यात ट्रामाडोलही असतं. आज त्याच्याबद्दल.

ट्रामाडोल हे ओपिऑइड. बनतं कारखान्यात, पण काम अफूच्या जातीचं. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं जास्त जोरदार रसायन करतं. ते मेंदू आणि मज्जारज्जूतल्या 'म्यू' रिसेप्टरवर बसतं आणि दुखण्याचा निरोप अडवतं. हे एन्झाइम प्रत्येकात सारखं चालत नाही. त्यामुळे तुम्हाला लागू पडलेली गोळी शेजाऱ्याला काहीच करत नाही, किंवा नको इतकं करते.

बरं, रोज घेतली तर? पेशी त्या अडथळ्याला सरावतात आणि उलट जोर लावायला लागतात. मग गोळी चुकली की तोच जोर मोकळा सुटतो: अंग मोडून येतं, झोप उडते, जुलाब, अस्वस्थपणा. माणसाला वाटतं कंबरच बिघडली. तो दोनाच्या चार करतो. मजा म्हणून नाही हो, उद्या कामावर जायचं म्हणून!

डॉक्टरांनी सांगितलं त्यापेक्षा वेगळ्या प्रकारे घेणं म्हणजे गैरवापर. व्यसन त्याच्या पुढचं. २०१५ मध्ये ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. जुनाट दुखण्यासाठी ओपिऑइड घेणाऱ्यांत गैरवापर साधारण २१ ते २९ टक्के, व्यसन ८ ते १२ टक्के. म्हणजे गैरवापर करणारे सगळे व्यसनी नसतात. घरच्यांनी 'नशेडी' म्हटलं की माणूस गोळ्या लपवतो, आणि डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही.

कायदा आहे. २०१४ पासून ट्रामाडोल 'एच-१' यादीत, म्हणजे चिठ्ठी हवी आणि दुकानात वेगळी नोंदवही. २०१८ मध्ये ते एनडीपीएस कायद्याखालीही आलं. पण नोंदवही कंबर बरी करत नाही. व्यायाम, फिजिओथेरपी, ओझं उचलायची पद्धत हे सगळं मजुरी बुडवून करायचं असतं, आणि गोळी तिथेच जिंकते.

घरी अशी स्ट्रिप असेल तर पाकिटावरचं नाव वाचा. जास्त डोसने झटके येऊ शकतात. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत श्वास मंदावतो. पण बरेच दिवस रोज चालू असेल तर एकदम बंदही करू नका. डोस हळूहळू उतरवावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. सगळ्या स्ट्रिपा सोबत न्या, किती घेता ते खरं सांगा.