हक्कसोडाची सही आणि तुटलेल्या बहिणी

बाप गेला की सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात आणि मग भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. माहेर तुटू नये म्हणून एक बहीण सही करते. दुसरी म्हणते, "माझा वाटा मी का सोडू?" ही तिला हावरट म्हणते, ती हिला भावाची मिंधी. एक शहापूरला दिलेली, दुसरी मुरबाडला. मध्ये किन्हवलीवरून जाणारा रस्ता, पण वर्षानुवर्षे कुणी कुणाच्या दारात जात नाही. अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच. जमिनीला भाव आला की जुने तंटेही वर येतात.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वाटा मागणारी बहीण हावरट नव्हे. मुलींना वारसा देणारे हिंदू कोड बिल अडवले गेले, तेव्हा १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. १९५६ चा वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण सही करणारीलाही दोष देऊ नये. अडचणीच्या दिवसांत एक दार उघडे राहावे, एवढ्यासाठीच तिने अंगठा उठवलेला असतो.

पुढे एखादीचा धनी जातो. तेव्हा 'झाले गेले विसरू' हे शब्द ओठांवर येत नाहीत; कामे मात्र थांबत नाहीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, वारसनोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत कळवायचे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला द्यायचा. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या विधवेला त्यातून दरमहा १,५०० रुपये मिळतात. खचलेल्या बाईला हे एकटीने झेपत नाही. अशा वेळी दुसरीने कागदांची पिशवी घेऊन तिच्याशेजारी कचेरीच्या बाकावर बसावे, आवणीला दोन दिवस तिच्या शेतात उतरावे. बोलणे कामावरून सुरू होते आणि हळूहळू आईच्या आठवणीपर्यंत पोचते.

भगिनींनो, जलदानविधीला गेलात तर संध्याकाळच्या एसटीने परतू नका. चार दिवस राहा. आणि त्या दिवसांत कुणी बहिणीपुढे सहीचा कागद ठेवला, तर आधी तो तिला मोठ्याने वाचून दाखवा.