मावळ्याचा साचा: फुगीर भागावर रेष कुठं काढायची?



दिवाळी जवळ आली की पोरं मातीचे किल्ले बांधायला घेतात. हळीव पेरतात, बुरुजावर तोफ ठेवतात, सिंहासनावर शिवाजी महाराज बसवतात आणि वाटेवाटेवर मावळे उभे करतात. ही मातीची चित्रं थोडेच दिवस खपतात. एकेक मावळा हातानं घडवायचा तर दिवसभरात मोजकेच होतात, म्हणून साचा लागतो. पण मावळा साच्यात अडकून बसला तर ऐन हंगामात नवा साचा करून वाळवायला सवड नसते. गटाचा पैसा आणि कष्ट तिथंच अडकतात. तेव्हा आज आपण फुगीर वस्तूचा साचा कसा करायचा ते बघू.

आधी आपल्या स्वयंपाकघरातले साचे आठवा. इडलीपात्राची वाटी तोंडाशी सगळ्यात रुंद असते, म्हणून इडली सरळ वर निघते. तिथं एकच भाग पुरतो. मोदकाचं पोट मात्र खालच्या तोंडापेक्षा फुगीर असतं. म्हणून त्याचा साचा दोन फाकांचा असतो, उघडला की मोदक सुटतो. मावळ्याचं डोकं, पागोटं, खांदे, पोट सगळं गोलच. त्यालाही दोन फाका हव्यात, आणि त्या दोन फाका सगळ्यात फुगीर रेषेवरच जुळायला हव्यात. साच्याचं सगळं यश या रेषेत आहे.

ही रेष शोधायला एक बटाटा घ्या. तो टेबलावर आडवा ठेवा आणि एक डोळा मिटून बरोबर वरून बघा. जेवढा भाग दिसतो तेवढा वरच्या फाकेतून निघेल. जो दिसत नाही तो खालच्या फाकेचा. या दोन्हींमधली कड म्हणजे आपली रेष. पेन्सिलनं ती सगळीकडून काढा. मावळा उताणा ठेवून असंच बघा. रेष पागोट्यावरून कानाशी, खांद्यावरून हाताच्या बाहेरच्या कडेनं पायांपर्यंत जाईल. ती वाकडीतिकडी गेली तरी चालेल, पण फुगवट्याच्या खाली किंवा वर सरकली तर मावळा अडकणार.

काही जागा कुठूनही बघितल्या तरी लपतात. हात आणि कंबर यांच्यातली फट, दोन पायांमधली पोकळी, हनुवटीखालची खोल खाच, अशा जागा मूळ मावळ्यातच मातीनं बुजवा. हात अंगाला चिकटलेला ठेवा. तलवार, भाला साच्यात घेऊच नका, नंतर बांबूची कामटी खोचा. ढाल वेगळी करा. ती इडलीसारखी असते, तिला एकच फाक पुरते.

मूळ मावळा शाडूचा करा, पूर्ण वाळवा आणि त्यावर व्हार्निशचे दोन हात द्या. मग मऊ मळलेल्या मातीत तो रेषेपर्यंत अर्धा बुडवून निजवा. भोवतीची माती रेषेला भिडवून सपाट करा. त्या मातीत चमच्याच्या दांड्यानं तीन-चार गोल खड्डे करा, म्हणजे पुढं दोन्ही फाका एकमेकींत नेमक्या बसतील. चहूबाजूंनी जाड पुठ्ठ्याची भिंत उभी करून फटी मातीनं लिंपा. मावळ्याला साबणाच्या दाट पाण्याचा हात फिरवा.

आता प्लास्टर. ७०० मिलीलिटर पाण्याला साधारण १ किलो प्लास्टर लागतं. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. दोन मिनिटं भिजू द्या, मग बुडबुडे न करता हळू ढवळा. पहिला पातळ थर ब्रशनं नाकाडोळ्यांत बसवा आणि उरलेलं एका कोपऱ्यातून ओता. थर दोन-अडीच सेंटिमीटर जाड हवा. प्लास्टर घट्ट होताना तापतं. तापून गार झालं की उलटं करा आणि खालची माती काढा, मावळा मात्र जागचा हलवू नका. उघड्या प्लास्टरला साबणाचे तीन-चार हात द्या, कारण प्लास्टर प्लास्टरला घट्ट धरतं. मग दुसरी फाक ओता.

साचा वाऱ्यावर, सावलीत काही दिवस वाळवा. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. चुलीजवळ ठेवू नका, फार उष्णतेनं प्लास्टर भुसभुशीत होतं. पावसाळ्यात साचा लवकर वाळत नाही, म्हणून हे काम वैशाखातच उरका.

वाळलेल्या साच्याला तेल लावायची गरज नाही. प्लास्टर मातीतलं पाणी शोषतं, माती थोडी आकसते आणि आपोआप सुटते. दोन्ही फाकांत शाडू दाबा, कडा ओरखडा, मातीचं दाट पाणी लावा आणि फाका जुळवून दाबा. थोड्या वेळानं उघडा आणि सांध्याची रेष ओल्या बोटानं पुसा. पहिले दोन-तीन मावळे साबणामुळं खराब निघतात, ते परत मळा. बरेच मावळे काढल्यावर साचा ओला होतो आणि माती सुटेनाशी होते. त्याला वाळायला वेळ द्या. एका साच्यावर अवलंबून न राहता दोन-तीन केलेले बरे.

सांभाळायच्या गोष्टी थोड्याच, पण मोठ्या आहेत. प्लास्टर चाळताना नाकातोंडाला रुमाल बांधा. जाड थर ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, म्हणून हौसेनंसुद्धा लेकराचा हात त्यात रोवून ठसा घेऊ नका, हात भाजतो. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, आत घट्ट बसतं. स्वयंपाकाची भांडी या कामाला नकोत.

शेवटचं सांगणं. बाजारातल्या मावळ्यावरून साचा उचलणं म्हणजे दुसऱ्या कारागिराची मेहनत उचलणं. मूळ मावळा आपल्याच हातचा हवा. गटात जिचा हात मातीत चांगला चालतो तिच्याकडून तो घडवून घ्या आणि त्या दिवसांची मजुरी तिला वेगळी द्या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एकेक बटाटा आणि पेन्सिल आणा. ज्या दिवशी सगळ्यांना रेष बरोबर काढता येईल, त्या दिवशी प्लास्टरची पिशवी फोडा.