जगाच्या आधी झालेला करार

जग निर्माण होण्यापूर्वीच पिता आणि पुत्र यांच्यात माणसाच्या तारणाविषयी करार झाला होता, हा रिफॉर्म्ड परंपरेतला मला सर्वात भव्य वाटणारा विचार. पित्याने निवडलेले लोक पुत्राकडे सोपवले. पुत्राने त्यांच्यासाठी देह धारण करून मरण पत्करायचे मान्य केले. योहानाच्या १७व्या अध्यायातली येशूची प्रार्थना या नजरेने जरूर वाचा!

इंग्लंडमधल्या बाप्टिस्टांनी हा विचार मनापासून जवळ केला. प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात या कराराचा स्पष्ट उल्लेख नाही. बाप्टिस्टांनी १६७७ साली काढलेल्या आणि १६८९ साली लंडनच्या सभेत मान्य केलेल्या विश्वासपत्राच्या सातव्या प्रकरणात मात्र तो आहे: कृपेचा करार, म्हणजे ख्रिस्ताद्वारे पापी माणसाला तारण देण्याचा देवाचा करार, याच अनादी करारावर उभा आहे.

मग कृपेचा करार आणि हा अनादी करार दोन की एकच? बाप्टिस्ट ईश्वरविद्यावंत बेंजामिन कीच आणि पुढे जॉन गिल यांनी तो एकच मानला. गिल तर पवित्र आत्म्यालाही त्यात सहभागी धरतात, आणि मला ते पटते. तारण त्रिएक देवाचे काम असेल, तर आत्मा बाहेर कसा राहील? शिवाय या करारात माणूस जन्माने येत नाही, ख्रिस्ताशी जोडला गेल्यानेच येतो. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा न देण्यामागे बाप्टिस्टांचा हाही एक आधार आहे.