पुस्तक घरात, किल्ली दुकानात

जुलै 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं आणि तिथून विकत घेतलेली सगळी पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे कंपनीने चोख परत केले. पुस्तकांत टिपणं काढलेल्यांना वर 25 डॉलर दिले. टिपणं मात्र गेली ती गेलीच.

असं का होतं, ते ई-पुस्तकाची फाइल उसवून पाहिली की कळतं. ‘ईपब’ हा ई-पुस्तकांचा रूढ, खुला साचा. फाइलच्या नावातलं शेवटचं ‘ईपब’ खोडून तिथे ‘झिप’ लिहा आणि ती उघडा. आत प्रकरणागणिक एचटीएमएल फायली, मांडणी सांगणारी सीएसएस, चित्रं आणि प्रकरणांचा क्रम लावणारी यादी सापडते. यातलं कुठलंही प्रकरण साध्या ब्राउझरमध्ये वाचता येतं. उद्या ईपबची अ‍ॅप इतिहासजमा झाली तरी हा मजकूर वाचण्यात अडचण येऊ नये.

डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणारं डिजिटल, कुलूप घातलेल्या ईपबमध्येही फायलींची नावं अशीच दिसतात. प्रकरण उघडलं की मात्र नुसता चिन्हांचा कचरा! मजकूर कूटबद्ध केलेला असतो. किल्ली 128 बिटांची असेल, तर संभाव्य किल्ल्यांची संख्या होते 34 वर 37 शून्यं. तेव्हा अंदाजाने उघडण्याचा विचार सोडा. खरी किल्ली विक्रेत्याचा सर्व्हर तुमच्या खात्याला देतो, तीही ठरावीक उपकरणांपुरती. नवा फोन घेतलात की ती पुन्हा मागायची. सर्व्हरच बंद पडला तर मागणार कोणाकडे?

आपण विकतो ते पुस्तक नसून वाचनाचा परवाना आहे, हे विक्रेते अटींमध्ये लिहितात; पण त्या वाचतं कोण? कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून ही गोष्ट ग्राहकाला ठळकपणे सांगणं कायद्याने बंधनकारक झालं. त्यानंतर दोनच महिन्यांत, 26 फेब्रुवारीला, किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवण्याची सोय अ‍ॅमेझॉनने काढून घेतली.

मराठीत आणखी एक मेख आहे. कुलूप नसलेली फाइलही दगा देते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या मजकुरात ‘क’ दिसतो, पण साठवलेला असतो एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेतांक. फाँट हरवला की भाषा हरवली. युनिकोडमध्ये ‘क’ला 0915 हा क्रमांक कायमचा दिलेला आहे, तो कोणी बदलत नाही. आपल्याकडची पीडीएफ तपासायची असेल, तर तिच्यातला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर ते पुस्तक जुन्या फाँटच्या भरवशावर उभं आहे.

म्हणून विकत घेण्याआधीच विचारावं: फाइल माझ्या हातात येणार का, आणि मजकूर युनिकोडमध्ये आहे का? फाइल आली की लगेच दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात. क्लाउड हे त्यातलं एक ठिकाण चालेल, दोन्ही नकोत.

चोरीची भीती प्रकाशकांना वाटते आणि ती खोटी नाही. पण ‘टॉर’ या अमेरिकी विज्ञानकथा प्रकाशनाने 2012 मध्येच कुलूप काढून टाकलं, तरी त्यांचा धंदा बुडाला नाही. त्याच वर्षी हॅरी पॉटरची ई-पुस्तकं कुलपाऐवजी खरेदीदाराशी जोडलेली खूण घालून विक्रीला आली. मराठी प्रकाशकांनी निदान ही वाट तरी धरावी.