गुहेतला वृद्ध: देव की जादूगार?

हार्लेमच्या हेंड्रिक गोल्त्सियसने 1588 ते 1590च्या सुमारास प्लूटो, प्रोझर्पिना, सूर्य, रात्र अशा प्राचीन दैवतांची लंबगोल काष्ठमुद्राचित्रे काढली. त्यांच्याच पंक्तीला गुहेत बसलेला एक दाढीवाला वृद्ध असून जुन्या सूचीकारांनी त्याची नोंद सरळ ‘जादूगार’ अशी करून टाकली. पुढे विद्वानांनी त्याला डेमोगॉर्गन, म्हणजे समस्त देवांचा आदिपिता, ठरवले. या आदिपित्याची सनद तशी कच्चीच. कोण्या नकलनविसाच्या लेखनप्रमादातून तो जन्मला असे मानतात, आणि चौदाव्या शतकात बोकाच्चोने देवांची वंशावळ रचताना त्याला अग्रस्थानी बसवले. चित्रातली गुहा मात्र त्याहून जुनी. इसवी सन 400च्या सुमाराचा रोमन कवी क्लॉडियन अनंतकाळाच्या गुहेचे वर्णन करतो, ते असे: सभोवार स्वतःचीच शेपटी गिळणारा सर्प, दाराशी राखणीला निसर्गदेवी, आणि आत ग्रहताऱ्यांना अढळ कायदे लिहून देणारा म्हातारा. एवढा सरंजाम मांडल्यावर देव कुठे संपला आणि मांत्रिक कुठे सुरू झाला, हे सूचीकाराने तरी कसे ओळखावे?

स्त्रीच्या बाबतीत मात्र असा संभ्रम कोणाला पडला नसता. स्ट्रासबर्गच्या हान्स बाल्डुंग ग्रीनने 1510 साली चेटकिणी चितारल्या, त्या रानात, नग्न, वाफ उसळणाऱ्या मडक्याभोवती बसलेल्या. एक तर बोकडावर उलटी बसून आकाशात निघाली आहे, आणि चित्रकाराची नाममुद्रा शेजारच्या झाडाला टांगलेल्या पाटीवर आहे. काष्ठमुद्रेचे तंत्र बाल्डुंग आणि गोल्त्सियस दोघांचेही एकच: एका ठोकळ्यावर रेषा, वेगळ्या एक-दोन ठोकळ्यांवर छाया, आणि जिथे प्रकाश हवा तिथे छायेचे लाकूड कोरून काढायचे, म्हणजे कागदाचा पांढरेपणा आपसूक उजेड होतो. बाल्डुंगने या उजेडात देहाचा उन्माद दाखवला, गोल्त्सियसने वार्धक्याची प्रतिष्ठा. पुरुषाच्या हाती विद्या आणि स्त्रीच्या हाती मडके, ही वाटणी त्या काळाने मोठ्या निश्चिंतपणे केलेली दिसते.

पुरुष जादूगाराचे पारिपत्य होतच नसे, असे नाही. पीटर ब्रुगेलच्या चित्रांवरून 1565 साली अँटवर्पमध्ये हिएरोनिमस कॉकने छापलेल्या जोडचित्रांत संत जेम्स हर्मोजिनीस या मांत्रिकाचा पाडाव करतो, आणि त्याने पदरी बाळगलेली पिशाच्चेच त्याच्यावर उलटतात. पण गंमत अशी, की हा मांत्रिक कोसळतो तोही आपल्या आसनावरून. पराभूत का होईना, संताच्या तोडीचा प्रतिवादी म्हणून त्याला पट मिळालेला असतो, आणि केरसुणीवर स्वार झालेली चेटकीण त्याच जोडचित्रांतल्या धुराड्याच्या वाटेने निघून जाते.