गुंठा न् गुंठा, आभाळातून

जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला शनिवारी नागपूर-सौंसरकडून माणसांची रीघ लागते. त्याच वाटेवर, पण ७८६ किलोमीटर उंचावरून, सेंटिनेल-२ उपग्रहांची फेरी असते. साधारण दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास. आणि ते इथला गुंठा न् गुंठा टिपून नेतात. गुंठाच, अगदी हिशेबाने! त्यांच्या चित्रातला सर्वांत बारीक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१.

२३ जुलै १९७२ ला पहिला लँडसॅट उपग्रह उडाला तेव्हा हाच चौकोन दीड एकराहून मोठा होता. देऊळ, पिंपळ, दुकानं सगळी एकाच ठिपक्यात गडप! १९८४ च्या लँडसॅट-५ ने तो नऊ गुंठ्यांवर आणला. तीन वर्षांसाठी बनवलेला हा पठ्ठ्या २०१३ पर्यंत राबला.

पण एवढ्याशा ठिपक्यात घर आहे की संत्र्याची बाग, हे ओळखायचं कसं?

पान लाल प्रकाश गिळतं आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. दिसला असता तर सौंसरच्या बागा भर दुपारी लखलखताना दिसल्या असत्या! सिमेंटला असा भेदभाव नाही, ते दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच परतवतं. दोन आकड्यांची वजाबाकी केली की हिरवं कुठे ते कळतं. शास्त्रज्ञ पिशारोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळातली नारळाची रोगट झाडं हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर हेरली होती, ती याच तत्त्वावर. भारतातल्या सुदूर संवेदनाची, म्हणजे दुरूनच जमीन टिपण्याच्या तंत्राची, सुरुवात तिथली.

आता खरी गंमत. मृग बहार धरायचा तर बागाईतदार मे महिन्यात झाडांना ताण देतो. पाणी तोडलं की पानं मलूल होतात आणि वरून धडधाकट बाग आजारी दिसते. सातपुड्याच्या उतारावरचा साग तेव्हा पानं झाडून उभा असतो, म्हणजे जंगलही गेल्यासारखं वाटतं. कापूस उपटून नांगरलेलं रान तर थेट बांधकामाशी गल्लत करायला लावतं. एका दिवसाचं चित्र असं चक्क फसवतं!

म्हणून संगणक वर्षभराची चित्रं ओळीने लावतो. शेत हिरवं होतं, पिवळं पडतं, उघडं होतं, पुन्हा हिरवं होतं. छप्पर मात्र बारा महिने तसंच. जो ठिपका ऋतू पाळायचा थांबला, तिथे वस्ती आली. किती साधी युक्ती!

आणि पावसाळ्यात, ढग दाटले की? तेव्हा रडार. त्याची लहर ढगातून आरपार जाते, जमिनीवरून भिंतीवर आपटते आणि आली त्याच दिशेने माघारी फिरते. त्यामुळे रडारच्या चित्रात घरं चकाकतात आणि नदीचं संथ पाणी काळंभोर.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये जामसावळीत ‘हनुमान लोक’ या मंदिर-संकुलाचं भूमिपूजन झालं, ऑक्टोबरात या भागाचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. त्याआधीचा आणि नंतरचा परिसर ताडून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. लँडसॅटचा सगळा साठा २००८ पासून फुकट खुला आहे, इस्रोचं ‘भुवन’ही आहे. आपलं गाव शोधा, जुनं-नवं शेजारी लावा. फक्त मे महिन्याचं चित्र मे महिन्याशीच ताडा, नाहीतर शेजाऱ्याची ताणावरची बाग उजाड झाली म्हणून उगाच बोंब माराल.