टोपलीतील त्र्याण्णव दिवस

पूर्वी शाळेतील कपाटाची किल्ली एकाच मास्तरांकडे असे. आता मराठी शिकविणाऱ्या आम्हा काही शिक्षकांचे कपाट शेअरपॉइंटवर आहे आणि किल्ल्या सर्वांपाशी. सोय मोठी झाली. धोकाही तेवढाच वाढला.

2023 साली दिवाळीच्या दोन दिवस आधी, 10 नोव्हेंबरला, आमच्या एका सहकाऱ्याने आपल्या संगणकावर जागा करण्यासाठी एक फोल्डर खोडले. ते त्यांचे खासगी नव्हते, सामायिक कपाटाशी जोडलेले होते. अशा फोल्डरातून येथे खोडले की तेथेही खोडले जाते. ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय निवडला असता तर संगणकावरची प्रत तेवढी गेली असती, कपाटातील राहिली असती. पण हे आम्हांला तरी कोठे ठाऊक होते?

फोल्डरात सरावाचे कागद होते. ते पुन्हा लिहिता आले असते. परंतु त्यातच एका आजींनी गायिलेल्या झाकरीच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण होते. आजी 2022 साली वारल्या.

सुट्टी संपली, जानेवारीत वर्ग भरले, आणि 5 फेब्रुवारीला मातृभाषा दिनाच्या तयारीसाठी गाणी शोधू लागलो तो जागा रिकामी! शेअरपॉइंटवर खोडलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. ती रिसायकल बिनमध्ये, म्हणजे आपल्या बेटावर सारेजण कॉर्बेय म्हणतात त्या टोपलीत पडते. आम्ही मोठ्या आशेने टोपली उघडली, तर तीही रिकामी. त्याच सहकाऱ्याने डिसेंबरात ‘केरकचरा’ म्हणून ती साफ केली होती. माणूस मोठा टापटिपीचा! त्यांना बोलावे तरी काय?

टोपलीच्या मागे आणखी एक टोपली असते, हे आम्हांला त्या दिवशी कळले. पहिलीतून काढलेले दुसरीत जाते, आणि दुसरी फक्त साइटच्या प्रशासकाला दिसते. मात्र दोन्ही टोपल्यांत मिळून मुदत 93 दिवसांचीच. पहिलीतून दुसरीत गेल्यावर मोजणी नव्याने सुरू होत नाही. ती पहिल्यांदा खोडले त्या दिवसापासूनच धरतात. आम्ही बोटांवर हिशेब केला. त्या दिवशी 87 झाले होते. हातात उरले सहा!

प्रशासकाचे काम पाहणारे गृहस्थ रजेवर. दोन दिवस फोन लागेना. तिसऱ्या दिवशी लागला आणि त्यांनी पाच मिनिटांत ‘रिस्टोअर’ केले. फाईली जेथल्या तेथे, जुन्या आवृत्त्यांसह परत आल्या.

शिक्षकबंधूभगिनींनो, एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. फाईल खोडली नसून कोणी तिच्यावर भलतेच लिहून ठेवले असेल, तर ती टोपलीत शोधू नका. त्यासाठी आवृत्त्यांचा इतिहास पाहावा लागतो. तेथून कालची प्रत परत आणता येते. आणि तुमचे कपाट गूगल ड्राइव्हवर असेल तर तेथील टोपली 30 दिवसांनी आपोआप रिकामी होते. आमची लांब सुट्टी त्यात मावली नसती.

आता मोठ्या सुट्टीपूर्वी आणि नंतर आम्ही टोपली उघडून पाहतो. प्रशासकही दोघे नेमले आहेत. आजींच्या गाण्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवली आहे. त्या कपाटाची किल्ली मात्र एकाच मास्तरांकडे आहे.